ताईने मागितलेले आकडे

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण मध्ये घरात एक-दोन गोष्टी घडल्या. त्या ओघात येतीलच. आधी तू जे विचारलंयस त्याचं उत्तर देते, कारण तेवढंच मला बिनचूक देता येतं. तू लिहिलंयस की कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी रोज ठरावीक चार वस्तूंचा वास घ्यायला सांगितलाय, त्यातली एक कॉफी असावी असं तुला वाटतं, आणि त्यासाठी माझ्याकडे आहे तसंच स्वस्तातलं एस्प्रेसोचं यंत्र घ्यायचंय. ‘मी आयुष्यभर सगळं नाकाजिभेवर केलं, आता तीच उरली नाहीत, तर तू तुझे आकडे दे,’ हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. खोटं कशाला सांगू, दुसऱ्यांदा वाचलं ते चवीचवीने.

तर यंत्र. दुकानात गेलीस की विक्रेता सगळ्यात आधी खोक्यावरचे ‘पंधरा बार’ बोटाने दाखवेल. माझ्या वेळी त्याने ते इतक्या अभिमानाने दाखवले की जणू त्यानेच आत भरले होते. त्याचं ऐकू नकोस. कॉफीला नऊ बारांचा दाब पुरतो, वरचे सहा खोक्याच्या शोभेसाठी असतात. हे तुझंच वाक्य आहे, मी फक्त परत करते आहे. बुटांच्या खोक्याएवढं रुंद, पुढून स्टीलचं, मागे पाण्याची टाकी आणि बाजूला वाफेची नळी असलेलं साधं यंत्र घे. दिवे, पडदे, बोलणारी बटणं नकोत. बिघडतं तेच आधी. त्याच्यासोबत जी जाळी येते तिला दोन तळ असतात आणि खालच्या तळाला एकच बारीक भोक असतं. त्यातून कसलीही शिळी पूड घातली तरी वर छान तांबूस फेस येतो. नवशिक्यांना खूश ठेवायची ती सोय आहे. मी पहिले तीन महिने त्या फेसाकडे बघून स्वतःवर खूश होते. मग तू एका रविवारी आलीस, चमचा बुडवून फेस बाजूला सारलास आणि म्हणालीस, “साबणाला पण येतो.” ती जाळी फेकून दे आणि एका तळाची वेगळी विकत घे. आणि यंत्रात वाचवशील ते दळण्याच्या ग्राइंडरवर घाल. हाताने फिरवायचा असला तरी चालेल, पण चांगला घे. बारीक-जाड एकसारखं दळलं गेलं नाही, तर पुढचं सगळं पाण्यात.

आता वापर. यंत्र चालू केलं की मिनिटभरात हिरवा दिवा लागतो. तो खोटारडा आहे. पंधरा मिनिटं थांबायचं. दांड्याचा फिल्टर जागेवर अडकवून, पूड न घालता, एकदा नुसतं गरम पाणी सोडायचं, म्हणजे लोखंड तापतं. कपही त्याच पाण्याने तापवून घ्यायचा. मग सोळा ग्रॅम पूड. ती बारीक काडीने ढवळून गुठळ्या मोडायच्या आणि वरून ठोकळ्याने सपाट दाबायची. जोर किती लावलास त्याला महत्त्व नाही, सपाट किती झाली त्याला आहे. एका बाजूला कलली की पाणी तिथूनच वाट काढतं आणि बाकीची पूड कोरडी राहते. काट्यावर कप ठेव, शेजारी सेकंद मोजणारं घड्याळ ठेव. कपात बत्तीस ग्रॅम पडले की बंद. त्याला अठ्ठावीस सेकंद लागले तर ठीक. विसाच्या आत पडली तर पुढच्या वेळी बारीक दळ, चाळिसाच्या पुढे गेली तर जाडसर. एका वेळी एकच गोष्ट बदल, दोन बदलल्यास तर गुन्हेगार सापडत नाही. आणि दर दोन महिन्यांनी आतले क्षार काढायचे. टाकीत सायट्रिक ॲसिडचं पाणी घालून सोडायचं आणि त्यानंतर टाकीभर साधं पाणी दोनदा सोडायचं. दोनदा, ताई. मी एकदा ते विसरले होते. त्याबद्दलच पुढे लिहायचं आहे.

मी हे असं सगळं मोजून का करते, ते तुला ठाऊक आहे. मी दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, नळ्या फिरवते, मशीनवरचे आकडे वहीत उतरवते. पण त्याच्याही आधीपासूनचं कारण आहे. मी सात वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत तू आणि मामाची मुलं मिळून माझे डोळे आईच्या ओढणीने बांधायचात आणि तोंडात एकेक वस्तू घालून ओळखायला लावायचात. तुझं सगळं बरोबर यायचं. गूळ कुठल्या डब्यातला, पेरू कुठल्या बाजूने पिकलेला, हे सुद्धा तू सांगायचीस. माझी पाळी आली तेव्हा तू माझ्या जिभेवर अंगाच्या साबणाचा तुकडा ठेवलास, आणि मी, सगळे बघताहेत म्हणून घाईघाईने, बर्फी म्हणाले. तू हसून हसून जमिनीवर बसलीस. पुढे कित्येक वर्षं कुणी पाहुणे आले की तू हे सांगायचीस, आणि अप्पा दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. तुझ्या नाकाची गोष्ट मात्र आदराने सांगितली जायची. कपाटामागची वायर जळत होती, धूरही दिसत नव्हता, आणि नऊ वर्षांची तू झोपेतून उठून ‘काहीतरी जळतंय’ म्हणालीस. आई म्हणायची, हिने घर वाचवलं. एका घरात एक घर वाचवणारी आणि एक साबण खाणारी. मला तुझा राग यायचा असं मी कधी कबूल केलं नाही, कारण मी तुझं शेपूट होते आणि शेपटाला राग येत नसतो.

तू कॉफी भाजणाऱ्या कंपनीत चव पारखायला लागलीस आणि घरात तुझा थाट आणखी वाढला. तू घोट घेऊन सर्रकन ओढायचीस, थुंकायचीस आणि पोतंच्या पोतं नापास करायचीस. लोक तुझ्या चेहऱ्याकडे बघत उभे राहायचे. मी यंत्र घेतलं ते तुझ्यासाठीच होतं, हे तुला कधी कळलं का? अप्पा माझ्याकडे असायचे तेव्हा तू दर रविवारी यायचीस. मला वाटलं, निदान कॉफीच्या बाबतीत आपल्यात दोन शब्द होतील. दोन झाले नाहीत, एकेकच झाला. “कडू.” “पाणचट.” “जळकी.” दर रविवारी मी वहीत तारीख, ग्रॅम, सेकंद आणि शेवटच्या रकान्यात तुझा तो एक शब्द लिहीत होते. दादा-वहिनी आले होते त्या रविवारी तर तू कप उजेडाकडे धरलास आणि म्हणालीस, “हा तुझ्या लॅबमध्ये नमुना म्हणून ठेव. कुणीतरी डबीत घालून दिल्यासारखा दिसतोय.” वहिनीच्या तोंडातलं पाणी उडालं. अप्पा डोळे पुसेपर्यंत हसले. मीही हसले. त्या दिवशीच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही.

मग तुला तो ताप आला. आठ दिवस पडून होतीस, मी डबा पोचवत होते. नवव्या-दहाव्या दिवशी तू उठलीस आणि रविवारी आलीस, जरा उतरलेली, पण नेहमीसारखीच झोकात. मी आदल्या दिवशी यंत्रातले क्षार काढले होते. कॉफी केली, तुला दिली. तू घोट घेतलास, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, “वा. आज जमली गं तुला. फळासारखा आंबटपणा आलाय. अशीच करत जा.” मी काय केलं असेल? बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले. अडतीस वर्षांच्या बाईने कॉफी बरी झाली म्हणून रडावं, हे लाजिरवाणं आहे, पण रडले. बाहेर आले, तू अप्पांशी बोलत होतीस. मी ओट्यापाशी उभी राहून माझा कप तोंडाला लावला आणि तो घोट तसाच बेसिनमध्ये थुंकला. साधं पाणी सोडायचं राहून गेलं होतं. ती कॉफी नव्हतीच, ॲसिडचं पाणी होतं. तोंडात आंबट आणि नाकात यंत्राच्या आतल्या पत्र्याचा घाणेरडा दर्प. माझ्यासारख्या साबण खाणारीलाही तो सहन झाला नाही, आणि तू कप रिकामा केला होतास.

आधी वाटलं, तू माझी टर उडवते आहेस. मग तुझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तू टर उडवतेस तेव्हा तुझी डावी भुवई वर जाते. ती जागेवर होती. तू कपाकडे बघत होतीस, परीक्षेत शेजारणीच्या पेपरात बघावं तशी. आणि मला कळलं. मी लॅबवाली आहे, तापानंतर वास गेलेली माणसं मी पाहिली आहेत. जिभेला आंबट-खारट-गोड-कडू एवढं कळतं, बाकी सगळं नाकाचं असतं. ज्यावर तुझं पोट, तुझा मान आणि या घरातली तुझी जागा होती, ते गेलं होतं आणि तू ते लपवत होतीस. एखादी खरी बहीण असती तर तिने तुला मिठी मारली असती. मी तुझ्याकडे बघत उभी राहिले आणि माझ्या मनात एकच आलं: आयुष्यात एकदा मला शाबासकी मिळाली आणि तीसुद्धा तुला काही कळत नव्हतं म्हणून.

पुढच्या रविवारी मी लॅबच्या पँट्रीतली दोन वर्षांपूर्वीची उघडी पूड घरी आणली. तिला खोक्याच्या पुठ्ठ्याचा वास येत होता. ओट्यावर मात्र तुझ्याच कंपनीचं ताज्या बियांचं पाकीट उभं करून ठेवलं, नाव तुझ्याकडे करून. तू आत येताना ते पाहिलंस. घोट घेतलास आणि पाकिटावर जे छापलं होतं तेच, त्याच क्रमाने बोललीस. जर्दाळू, मध, शेवटी कोको. त्याच्या पुढच्या रविवारी मी कपाच्या कडेला लसूण चोळला. तुला वाटलं, आज पाणी जरा जास्त तापलंय. मग मी वही पुन्हा सुरू केली. तारीख, काय केलं, तू काय म्हणालीस. ताई, तो काळ माझ्या आयुष्यातला फार सुखाचा होता. आठवडाभर मी विचार करायचे, या रविवारी काय. तू कंपनीतल्या गमती सांगायचीस, अमक्या भाजणीत तुला कसा धूर लागला आणि तू कशी ती परत पाठवलीस, आणि मला माहीत असायचं की तू शेजारी चाखणाऱ्यांचे चेहरे बघून शेरा देतेस. तू जितकी फुशारकी मारायचीस तितकं मला बरं वाटायचं. तुझ्यासमोर बसून मान डोलावताना मी पहिल्यांदा तुझ्याहून मोठी झाले होते.

एक रविवार मात्र वेगळा लिहायला हवा. त्या दिवशी अप्पा खाली फिरायला गेले होते. तू स्वयंपाकघराच्या टेबलाशी पाठमोरी बसून मासिक चाळत होतीस. मी दुधाचं पातेलं मुद्दाम मोठ्या आचेवर ठेवलं आणि हात बांधून उभी राहिले. दूध उतू गेलं, तळाला लागलं, करपलं. घरभर तो वास पसरला. शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून ओरडून विचारलं, काय जळतंय. तेव्हा कुठे तू मान वळवलीस, पातेल्याकडे पाहिलंस आणि क्षणात म्हणालीस, “मी मघापासून म्हणतेय, काहीतरी करपतंय.” तू तसं काही म्हणाली नव्हतीस. मी म्हटलं, हो गं, लक्षच नव्हतं माझं. वहीत लिहिलं: दूध, चार मिनिटं, वळली नाही. म्हणजे ‘मला कल्पनाच नव्हती’ असं पुढे जे म्हणता आलं असतं, ते खोडणारा पुरावा मी स्वतःच्या हाताने, मिनिटांसकट लिहून ठेवला होता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी अप्पांचं माझ्याकडचं सहा महिन्यांचं राहणं संपलं आणि ते तुझ्याकडे यायचे होते. मी त्यांची बॅग भरली. कपडे, गोळ्या, त्यांचा घड्याळं दुरुस्त करायचा डबा. पंचाहत्तरीतही ते खिडकीपाशी बसून चिमट्याने केसाएवढे स्क्रू उचलायचे आणि हात थरथरत नाही म्हणून स्वतःच खूश व्हायचे. नाक मात्र त्यांचं नावालाच उरलं होतं, आणि दूध ठेवून विसरायची सवय लागली होती. तू न्यायला आलीस तेव्हा दारात मी म्हटलं, “अप्पा गॅसवर दूध ठेवून विसरतात, लक्ष ठेव.” तू पर्स खांद्यावर घेत म्हणालीस, “माझं नाक आहे ना.” आपण दोघी एकमेकींकडे बघत होतो. तू खोटं बोललीस आणि मला ते खोटं आहे हे माहीत होतं. तुझ्या तोंडावर एक क्षण भीती आली, तीही मी पाहिली. त्या क्षणी मी नुसतं “ताई, मला माहीत आहे” म्हटलं असतं, तर तू दारातच कोसळून रडली असतीस आणि अप्पा माझ्याकडेच राहिले असते. पण मग रविवार संपले असते. मी म्हटलं, “हो, ते आहेच की.”

पुढचं तू मला पत्रात लिहिलंयस, जणू मला ठाऊकच नाही. अप्पा तुझ्याकडे आल्याची नववी सकाळ, थंडी म्हणून बंद केलेल्या खिडक्या, दूध उतू जाऊन विझलेली शेगडी, टेबलाशी दोन हातांवर तू पेपर वाचत बसलेली, आणि अंघोळ करून आलेले अप्पा चहासाठी दुसरी शेगडी पेटवायला लायटर हातात घेतात. तू लिहिलंयस की तो आवाज तुला अजून ऐकू येतो. माझ्याकडे ऐकायला आवाज नाही. मी लॅबमध्ये कुणाच्या तरी दंडाला पट्टा बांधत होते तेव्हा फोन आला. फोनवरच्या माणसाने ‘गॅस’ एवढं म्हणताच मला सगळं कळलं, आणि पहिला विचार आला तो त्या वहीचा. इस्पितळात येण्याआधी मी घरी गेले, ताई. वडील जळलेले होते आणि मी आधी घरी जाऊन वहीची पानं फाडली, भिजवली आणि कचऱ्यात टाकली. मग रिक्षा केली.

कॉरिडॉरमध्ये तुझ्या हाताला पट्टी होती, भुवया नव्हत्या. डॉक्टरांनी विचारलं, इतका गॅस साचला, वास कसा आला नाही? आणि तू सगळ्यांसमोर सांगितलंस की पाच महिन्यांपासून तुला कसलाच वास येत नाही. दादा तुझ्यावर धावून गेला. वहिनीने त्याला धरलं. तू माझ्याकडे पाहिलंस, मला वाटतं आधारासाठी. आणि मी म्हटलं, “अगं, सांगायचं तरी होतंस. आम्हाला कुणाला काय माहीत!” मी रडलेसुद्धा. लोकांना ते बापासाठी वाटलं. दादाने तिथेच फर्मान काढलं की अप्पांच्या आसपास तू दिसायची नाहीस, आणि मी मान डोलावली. तुझी नोकरीही त्याच आठवड्यात गेली, कारण गोष्ट बाहेर फुटली. ती मी फोडली नाही, एवढं एक तरी माझ्या खात्यावर नको. पण अप्पांना माझ्या घरी आणल्यावर तू फळांची पिशवी घेऊन तीनदा जिना चढून आलीस, तिन्ही वेळा मी साखळी न काढता फटीतून सांगितलं की अप्पा झोपलेत. अप्पा जागे होते. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, कोण होतं? मी सांगितलं, मीटर बघणारा.

आता घरात काय घडलं ते. अप्पांची बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी झाली आहेत, दोन बोटं जरा हलतात. त्यांना भरवावं लागतं, कागद धरता येत नाही. तुझं पत्र आलं तेव्हा पाकिटावरचं अक्षर त्यांनी लांबूनच ओळखलं आणि मोठ्याने वाच म्हणाले. मी वाचलं. यंत्राचं वाचलं, डॉक्टरांचं वाचलं आणि मग तो भाग आला, जिथे तू माझी क्षमा मागितलीस: ‘तू विश्वासाने अप्पांना माझ्या हवाली केलंस आणि मी तुलाही फसवलं. तुला काय वाटलं असेल याचा विचार करते तेव्हा मला जगू नये असं वाटतं.’ अप्पा म्हणाले, “एकटीने काढलं बिचारीने. कुणाला कळलंच नाही.” आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मला कळलं होतं.” मी ठरवलं नव्हतं. कबूल करायची माझी लायकीही नव्हती आणि इच्छाही नव्हती. बहुधा मला तेव्हाही एवढंच सहन झालं नाही की या घरात पुन्हा मलाच काही कळत नाही असं ठरतंय. अप्पांनी विचारलं, “कधी?” मी म्हटलं, “तापापासून.” ते आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे माझी बॅग भरलीस तेव्हा माहीत होतं.”

त्या दिवसापासून ते माझ्या हातचं खात नाहीत. मी घास पुढे केला की ओठ मिटून भिंतीकडे बघतात. दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशींच्या हातून खातात. त्या सहाला जातात, त्यानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. वीस दिवस झाले. हे पत्र मी पश्चात्तापाने लिहीत नाही, ताई, तसं समजून मला मोठं करू नकोस. अप्पांनी लिहायला लावलं आहे. त्यांनी सांगितलं, सगळं लिही आणि मला वाचून दाखव. पहिल्या खेपेला मी वही गाळली, पण रविवारी मला तिच्यात लिहिताना त्यांनी पाहिलं होतं, त्यांनी पत्र फाडायला लावलं. दुसऱ्या खेपेला मीटरवाला गाळला, तेव्हाही; दारातला तुझा आवाज त्यांना ऐकू आला होता. यंत्राचं राहू दे म्हणाले, तिने विचारलंय तर तिला नीट सांग. आता हे तिसरं. दादालाही याची एक प्रत जाईल. येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता तू ये आणि त्यांना तुझ्याकडे घेऊन जा, असा त्यांचा निरोप आहे. मी त्यांना सगळं बोलून पाहिलं. तिची नोकरी नाही, तिला वास येत नाही, त्याच स्वयंपाकघरात तुम्ही भाजलात, तिथे पुन्हा कसे राहाल? ते म्हणाले, “तिच्या घरात मला कशाला जपायचं ते मला माहीत आहे. इथे माहीत नाही.” बॅग या वेळी मावशींनी भरली आहे. मला हात लावू दिला नाही.

‘तुझीच’ लिहायचं की नाही, हे मी अप्पांना विचारलं. ते म्हणाले, ते तिच्यावर सोड.

धाकटी